फ्लाइंग स्कॉट्समनमध्ये मूळचं आता उरलंय तरी काय?

गिरगावकर: पुढच्या महिन्यात कामासाठी इंग्लंडला चाललोय, एक दिवस यॉर्कच्या रेल्वे म्युझियमसाठी राखून ठेवलाय, तिथलं फ्लाइंग स्कॉट्समन हे वाफेचं इंजिन बघायला. आजोबा भुसावळ शेडला फायरमन होते त्यामुळे वाफेच्या इंजिनाचं वेड घरातलंच. पण ऑफिसमधला एक जण म्हणाला की त्याचे एवढे पार्ट बदललेत की ते १९२३ चं इंजिन राहिलेलंच नाही. खरंय का? मन खट्टू झालं राव

परळवाला: बदललेत हे खरं, पण खट्टू कशाला होता. धावतं इंजिन असंच जगतं. तेव्हाही वर्कशॉपात गेलं की जो बॉयलर तयार असेल तो चढवायचे, ह्याचा उतरवलेला दुरुस्त होऊन दुसऱ्यालाच लागायचा. डॉनकास्टरच्या कारखान्यातून ए१ म्हणून निघालं (ए१, ए३, ए४ हे इंजिनांचे प्रकार), १९४७ ला ए३ झालं, पुढे बरीच वर्षं ए४ चा बॉयलर होता आणि २०१६ ला संपलेल्या कामात परत ए३ चा. तुमच्या आजोबांनीही हेच सांगितलं असतं

ठाणेकर: मला तर त्याचा टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, सगळ्यात भारी वाटतो. १९२८ ला लंडन ते एडिंबरा ३९२ मैल न थांबता, आठ तासांच्या वर, एवढा वेळ एकाच फायरमनने कोळसा मारायचा म्हणजे जीवच जायचा, म्हणून टेंडरच्या एका कडेने माणूस कसाबसा जाईल एवढी बोळ ठेवली, ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी प्रवासी डब्यात बसून यायची आणि अर्ध्या वाटेत त्या बोळीतून इंजिनावर. पाणी रुळांच्या मधल्या लांब हौदातून धावता धावता उचलायचे! आणि ३० नोव्हेंबर १९३४ ला ताशी १०० मैल, तशी अधिकृत नोंद झालेलं पहिलं वाफेचं इंजिन

गिरगावकर: बोळीचं वाचून काटा आला अंगावर. आजोबांचे हात आठवले, शेवटपर्यंत घट्टे होते. पण मग हे भंगारात कसं नाही गेलं?

परळवाला: जाणारच होतं. १९६३ ला रेल्वेवेडे उद्योजक ॲलन पेग्लर यांनी ३००० पाउंडाला विकत घेतलं, पुढे अमेरिकेच्या दौऱ्यापायी त्यांचं दिवाळं निघालं, १९७३ ला विल्यम मॅकअल्पाइन या दुसऱ्या उद्योजकांनी ते तिथून इंग्लंडला परत आणलं, आणि २००४ ला लोकांनी वर्गणी दिली तेव्हा म्युझियमकडे आलं. आपली १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारी साहिब, सिंध, सुलतान, त्यातलं एकही आज बघायला मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं मला. जायच्या आधी ते यॉर्कला आहे की कुठे बाहेर धावतंय तेवढं बघून घ्या. १९३८ ला ताशी १२६ मैल गाठलेलं मॅलार्ड इंजिन पण तिथेच आहे, ते चुकवू नका