मदत हवी आहे: हैदराबादचा पहिला दिवस नेमका शुक्रवारी

नमस्कार मंडळी. दोन मोठे, सात वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या आजी. गाडी शुक्रवारी सकाळी नामपल्लीला येते, हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळेल. तोवर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवू (कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं घेतली आहेत).

अडचण वाराची आहे. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही शुक्रवारी बंद. मक्का मशिदीत दुपारची जुम्म्याची नमाज, त्यामुळे चारमिनारच्या आसपास तेव्हा तुडुंब गर्दी. म्हणून चारमिनार सकाळीच उरकायचा विचार आहे: नामपल्लीहून मेट्रोने तिसरं स्थानक एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक), पुढे दोनेक किलोमीटर रिक्षा. संग्रहालय शनिवारी, तेही बाराच्या आत पोहोचून, कारण तिथल्या घड्याळातला बाहुला बाराला बारा टोले देतो आणि पोराला तेच बघायचंय!

दुपारनंतर गोवळकोंडा. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला (किल्ल्याच्या माथ्यावर) ऐकू येते, पण वर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या. आजींना ते जमणार नाही.

तर विचारायचं असं:
आजींना पायऱ्या न चढता किल्ल्यात सावलीत तासभर बसता येईल अशी जागा कुठे आहे?
एमजीबीएसहून रिक्षा चारमिनारच्या किती जवळ सोडते, आजींना किती चालावं लागेल?
आणि चारमिनारजवळ कमी तिखट, शाकाहारी जेवण कुठे मिळेल? बिर्याणीची नावं नकोत, ती यादी लांबलचक झालीये.