जेवणानंतरची शतपावली: उपयोग किती आणि ती टिकवावी कशी?

प्रश्न: माझे वय ४६ असून काम पूर्णपणे बैठे आहे. वडिलांना मधुमेह असल्यामुळे, रात्री जेवून लगेच आडवे होण्याची सवय मला मनापासून मोडायची आहे. आजी शतपावलीचा आग्रह धरत असे. तिचा खरोखर लाभ होतो का आणि किती वेळ चालावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १: लाभ निश्चित होतो. जेवणानंतर साधारण तासाभरात रक्तातील साखर वाढत जाते आणि त्याच काळात आपण चाललो, तर पायांचे मोठे स्नायू ती इंधन म्हणून वापरतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहताही साखर शोषून घेऊ शकतो, हे यातील मर्म आहे. नावात शंभर पावले असली तरी ती मिनिटभरात संपतात, म्हणून १० ते १५ मिनिटे चालावे. वेग गप्पा मारता येतील इतकाच असावा. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

उत्तर २: माझ्या अनुभवात निश्चयापेक्षा क्रम अधिक उपयोगी पडला. ओटा पुसून झाला की आम्ही दोघे चपला घालतो, आणि पावसाळ्यात जिन्याखालच्या वाहनतळातच फेऱ्या मारतो. मोबाइल घरीच राहतो, त्यामुळे दिवसभर राहून गेलेले बोलणेही होते, जे मला साखरेइतकेच महत्त्वाचे वाटते.

उत्तर ३: जेवणाची वेळही अलीकडे आणावी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास राहिले, तर छातीतील जळजळही कमी होते.