लाजऱ्या माणसावर उन्हात फ्लॅश मारावा की नाही? 'फ्लॅशवाले अडाणी' म्हणणाऱ्यांना उत्तर

सावद्याचा फोटूवाला

ऊन-सावली यांची कालची पोस्ट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाहेर, उजेडात फ्लॅश लावतो तो अडाणी. लाजऱ्या माणसावर फ्लॅश मारणं हा तर जुलूम. रिफ्लेक्टर (ऊन चेहऱ्यावर परतवणारा चकचकीत पडदा) धरा, नाहीतर आहे त्या उजेडात काढा, 'खरा चेहरा' तिथेच सापडतो. खाली वा वा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

हे महाबळेश्वरात बसून लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट टाळूवर. आणि आपल्याकडे लग्नं, साखरपुडे, जाऊळ सगळं त्याच दिवसांत. त्या उन्हात माणूस उभा केला की भुवयांखाली दोन काळे खड्डे आणि नाकाखाली काळी पट्टी. त्यात आपल्या आज्या-मावश्या डोक्यावरून पदर घेणाऱ्या. पदराची कड कपाळावर आली की डोळे दिसतच नाहीत. हा तुमचा 'खरा चेहरा'?

रावेरकडे मित्राच्या मामींचा फोटो काढायचा होता. बाई इतक्या लाजऱ्या की कॅमेरा दिसताच पदराचं टोक दातांत. "मना फोटू नको काढू भो, मी काय नवरी शे का?" भाच्याने हौसेने चंदेरी रिफ्लेक्टर धरला. मामींनी डोळे मिटले, पाणी आलं, तोंड फिरवलं. बघायला शेजारची पोरं जमली ती वेगळीच. लाजऱ्या माणसापुढे रिफ्लेक्टर धरायला आणखी एक माणूस उभा करायचा, आणि त्याने सतत तोंडावर झोत धरायचा, याला दयाळूपणा म्हणायचं का?

मग रिफ्लेक्टर गुंडाळला. मामींना ओट्याच्या कडेला उन्हाकडे पाठ करून बसवलं, हातात सूप दिलं, पाखडायला दादर ज्वारी दिली. फ्लॅश बाजूला स्टँडवर, सहा फुटांवर, वर झोत मऊ करणारा पातळ पांढरा डिफ्युझर, ताकद 1/4. कॅमेरा आयएसओ 100, 1/200, एफ/11, म्हणजे मागचं ऊन उन्हासारखंच राहिलं आणि चेहरा त्याच्यापेक्षा जरासा खाली. पहिले झोत सुपातल्या दाण्यांवर मारले. मामी हसल्या, "हाई काय ईज चमकस का?" पुढे त्या दादरीतले खडे वेचत राहिल्या आणि मी काढत राहिलो. डोळ्यांत बारीक चमक आली, पदराची सावली राहिली पण काळी नाही. फ्लॅश क्षणभर उडतो आणि संपतो. रिफ्लेक्टर तोंडावरून हलत नाही.

ऊन-सावली

एवढं लांब लिहिलंत, आभार. पण माझ्या पोस्टमधला सोयीचा तेवढाच भाग उचललात. भर दुपारी काढाच कशाला, हे मी पहिल्याच ओळीत विचारलं होतं. मेमध्ये 44-45 अंशांत माणसाला ओट्यावर बसवणं हाच जुलूम, फ्लॅश तर पुढची गोष्ट. सकाळी साडेसहाला या, नाहीतर ऊन उतरल्यावर.

आणि दुपारीच काढायचा असेल तर माणसाला ओसरीत घ्या. दारापासून दोन पावलं आत, तोंड बाहेरच्या बाजूला. समोर चुन्याने पोतलेली भिंत असेल तर तिच्यावरचं ऊन परतून चेहऱ्यावर येतं. एवढा मऊ उजेड तुमच्या कुठल्याच डिफ्युझरमधून येत नाही. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या जागी बसलेला. ना स्टँड, ना वायर, ना ट्रिगर.

मामींचं नशीब म्हणून त्या हसल्या. मी पाहिलेली लाजरी माणसं पहिला झोत बसला की आखडतात. पुढचे सगळे फोटो 'आता उडेल, आता उडेल' अशा चेहऱ्याचे. तो फोटो टाका ना इथे, आम्हीही बघू.

सावद्याचा फोटूवाला

फोटो टाकणार नाही. मामींनी घरात लावायला परवानगी दिली आहे, चव्हाट्यावर टांगायला नाही. लाजऱ्या माणसांचाच विषय चाललाय ना?

तुम्ही म्हणता ते आखडणं बऱ्याचदा फ्लॅशमुळे नाही, फ्लॅश ऑटोवर ठेवल्यामुळे. टीटीएलमध्ये, म्हणजे कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो त्या ऑटोमध्ये, खऱ्या झोताच्या आधी मोजमापाचा एक बारीक झोत जातो. ज्यांच्या पापण्या चपळ त्या नेमक्या तिथे मिटतात आणि फोटोत डोळे अर्धे. मग फोटोग्राफर म्हणतो, "काकू, डोळे उघडे ठेवा." काकू आणखी बिथरतात. मॅन्युअलवर ठेवा, निम्मी तक्रार मिटते.

साक्रीकर

आमच्याकडे या आणि रिफ्लेक्टर धरून दाखवा. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. गेल्या वर्षी पुतण्याच्या हातातला गोल रिफ्लेक्टर उडाला तो थेट बाजरीत. नवरदेव हसून हसून बेजार. तसा फोटो छान आला, पण आम्हाला लाजरा नवरदेव हवा होता.

भुसावळ लोको

कशाला एवढा कुटाणा? मोबाइल काढा, खट्कन दाबा. माझ्या मोबाइलमध्ये आईचा फोटो भर उन्हात झकास आलाय. ना फ्लॅश ना रिफ्लेक्टर.

धुळ्याचा मास्तर

भुसावळ भाऊ, तुमचा मोबाइलही फिलच करतोय, म्हणजे सावल्यांत उजेड भरतोय. एका दाबात तो कमी-जास्त उजेडाच्या बऱ्याच फ्रेम घेतो, एकत्र करतो आणि सावल्या गणिताने उचलतो. फक्त तुम्हाला न विचारता. म्हणूनच सगळ्यांच्या आया एकसारख्या सपाट दिसतात.

सावदेकरांना एक दुरुस्ती. तुमचं एफ/11 ठीक, पण पोरांना हल्ली मागचं सगळं धूसर हवं असतं. त्याच उन्हात भिंग एफ/2.8 पर्यंत उघडलंत की शटर 1/4000 च्या आसपास जातं. साधा फ्लॅश 1/200 किंवा 1/250 च्या पुढे जुळत नाही, फोटोत काळी पट्टी येते. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशला वेगवान शटरशी जुळवणारी सोय) लावलं तर फ्लॅशचा दम निम्म्याहून खाली. मग फ्लॅश तोंडाजवळ आणावा लागतो, आणि तुमचा लाजरा माणूस पुन्हा पदर दातांत धरतो. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा, नाहीतर धूसरपणाचा हट्ट सोडा.

ऊन-सावली

बघा. एका मामींचा एक फोटो काढायला सिंक, एनडी, ट्रिगर, डिफ्युझर. माझी चुन्याची भिंत फुकट आहे.

सावद्याचा फोटूवाला

तुमची भिंत हल्ली गुलाबी ऑइलपेंटची असते, साहेब. मामी गुलाबी येतात. आणि केळीच्या बागेत काय करणार? रावेर-यावलकडे अर्ध्या लोकांना बागेतच फोटो हवा असतो. वर हिरवी पानं, बाजूला हिरवी पानं, सगळा उजेड त्यांच्यातून गाळून आलेला. हनुवटीखाली, गळ्यावर हिरवी झाक. ती एडिटिंगमध्ये काढायला गेलात की पांढरा सदरा गुलाबी होतो. तिथे फ्लॅशचा स्वच्छ उजेड बाजूने द्यायलाच लागतो. माणसाचा रंग माणसाचा राहतो, केळी हिरव्या राहिल्या तर राहू द्या.

ऊन-सावली

बागेपुरतं मान्य. शिक्का मारून देऊ का?

चाळीसगाव पॅसेंजर

'आहे तोच उजेड खरा' हे ऐकलं की मला आमचे केकी मूस आठवतात (1912-1989). चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून या माणसाने टेबलटॉप फोटोग्राफीत नाव काढलं. टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि त्यातून दृश्य उभं करायचं. सगळं रचलेलं. त्याला कुणी खोटं म्हटलं नाही. आणि लाजऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे, तर हा माणूस स्वतःच घराबाहेर क्वचित पडायचा. आज त्याच घरात संग्रहालय आहे. इथल्या किती जणांनी पाहिलंय? चाळीसगावला लोक उतरतात ते पाटणादेवीला जायला, नाहीतर गाडी बदलायला.

ऊन-सावली

मूस यांच्याबद्दल आदर आहेच. पण टेबलावरच्या वस्तूला लाज वाटत नाही, पॅसेंजर.

रानमाया

तुमचं फ्लॅश-भिंत चालू द्या. पण फिल लाइटच्या नावाखाली जे चालतं त्यावर कुणीच बोलत नाही.

आमच्या ताईचा बायोडाट्यासाठी फोटो काढायचा होता. ताई सावळी आणि अबोल. एका स्टुडिओवाल्याने बागेत नेऊन समोरून दोन दिवे लावले. "मॅडम, जरा उजळ येऊ द्या" हे त्याचं पालुपद. उरलंसुरलं कॉम्प्युटरवर पुसलं. नाकाजवळचा तीळ गेला. चेहरा एका रंगाचा, गळा दुसऱ्या. पाहुणे आले. मुलाची आई एकदा हातातल्या मोबाइलकडे बघते, एकदा ताईकडे. ताई पोह्यांच्या बश्यांचा ट्रे धरून उभी. कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून कॅमेरा निघाला की ताई स्वयंपाकघरात जाते.

तुम्ही सगळे 'लाजरी, लाजरी' करताय. ती तशी कशामुळे झाली हे विचारा ना एकदा.

सावद्याचा फोटूवाला

ताईंबद्दल वाईट वाटलं. पण यात फिल लाइटचा दोष नाही. फिलने सावली आणि उजेड यांच्यातलं अंतर कमी होतं, बस. रंग उजळतो तो एक्स्पोजर चढवल्याने आणि नंतरच्या पुसापुशीने. समोरून दोन दिवे मारणं हे फिल नव्हेच. फिल मुख्य उजेडापेक्षा कमी असावं लागतं, स्टॉप-दीड स्टॉप तरी खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

रानमाया

दादा, गिऱ्हाईक "जरा उजळ" म्हणालं की तुमचा हात 1/4 वरून 1/2 वर जातो की नाही? खरं सांगा.

सावद्याचा फोटूवाला

जातो कधीकधी. धंदा आहे. मी नाही केलं तर शेजारचा करतो.

रानमाया

दारूच्या दुकानदाराचंही हेच उत्तर असतं.

सावद्याचा फोटूवाला

ताई, जपून. माझ्या दुकानावर घर चालतं. मुलीचा बाप समोर बसून सांगतो, "पोरगी गोरी दिसायला पाहिजे." त्याला मी समाजप्रबोधन करू? तो उठून दुसरीकडे जातो आणि ॲडव्हान्सही परत मागतो. तुमच्या घरच्यांनी तो फोटो पसंत करूनच पाठवला असेल ना? की स्टुडिओवाल्याने परस्पर पाठवला?

रानमाया

घरच्यांनीच पाठवला. त्यांचं मी घरी बघून घेतलं. तुमचं इथे बघते आहे.

भुसावळ लोको

मास्तर, शाळा सुटली वाटतं.

धुळ्याचा मास्तर

ताईंचा राग रास्त आहे आणि तो आजचा नाही. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं शर्ली कार्ड असायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. सावळी माणसं त्या मापात बसवली जायची.

आजही कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणू बघतं. सावळा चेहरा फ्रेमभर घेतलात की ते एक्स्पोजर चढवतं. त्याच माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभा केलात की उतरवतं आणि चेहरा काळाठिक्कर. म्हणजे मीटरच्या भरवशावर राहिलात तर रंग दोन्हीकडून चुकतो. चेहऱ्याजवळ करडं कार्ड धरून त्यावर मोजा, तो आकडा धरा. सावळ्या त्वचेवर चेहऱ्याच्या बाजूने मोठा, मऊ उजेड द्या. गालाच्या हाडावर तुकतुकी येते, रंग तोच राहतो. समोरून उघडा फ्लॅश मारलात तर कपाळावर तेलकट पांढरा डाग, आणि तो झाकायला पुन्हा पुसापुशी. सावदेकर, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बापाला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवायला काय हरकत आहे?

सावद्याचा फोटूवाला

मे महिन्यात एका दिवसात चार-चार ऑर्डरी असतात, मास्तर. दोन-दोन फोटो दाखवत बसलो तर रात्र होईल. पण बघतो. गळा आणि चेहरा वेगळा करणारं काम मी तरी करत नाही, एवढं लिहून ठेवा.

रानमाया

लिहून ठेवलं. स्क्रीनशॉट काढलाय.

ऊन-सावली

मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेला. तरी बरं, ओसरीत दिवे लागतच नाहीत, तर 1/4 चं 1/2 करायचा मोहही नाही.

साक्रीकर

मोह मोबाइलमध्ये आधीच घालून देतात, साहेब. ब्युटी मोड चालूच असतो. आमच्या सासऱ्यांच्या सुरकुत्या गेल्या. ऐंशीचा माणूस जावयापेक्षा तरणा दिसतो.

भुसावळ लोको

आता कामाचं विचारतो. परवा मावसबहिणीचा साखरपुडा, संध्याकाळी पाच वाजता, अंगणात. वर मंडपाचं हिरवं कापड. पोरगी मान वर करत नाही. माझ्याकडे मोबाइल आणि मित्राचा जुना कॅमेरा-फ्लॅश. काय करू?

सावद्याचा फोटूवाला

हिरव्या कापडाखाली फ्लॅशच. वर कापडाकडे तोंड करून उडवू नको, उजेड हिरवा होऊनच खाली येईल. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढ, बाजूला धर, मॅन्युअल. ऊन पिवळं झालं असेल तर वर फिकट नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लाव, नाहीतर चेहरा निळसर दिसेल.

ऊन-सावली

फ्लॅश मित्राला परत दे. मुलीला पाच मिनिटं मंडपाबाहेर काढ, घराच्या सावलीच्या बाजूला, तोंड मोकळ्या आभाळाकडे. सोबत तिची मैत्रीण दे, गप्पा मारू दे.

रानमाया

आणि ब्युटी मोड बंद कर. आत्ताच कर, परवा विसरशील.

भुसावळ लोको

बंद केला. आता फ्लॅश आणू की नको, ते दोघं मिळून सांगा. मित्र उद्या नाशिकला चाललाय.