यूट्यूबवरचा फ्रिस्बीवाला प्रो डिस्क गोल्फर झाला: हरकत कुणावर घ्यायची?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)

ब्रॉडी स्मिथचे व्हिडिओ इथल्या बऱ्याच जणांनी पाहिले असतील. लांबून फ्रिस्बी (प्लॅस्टिकची फेकायची चकती) फेकायची आणि नेमकी पाहिजे तिथे बसवायची, अशा ट्रिक शॉटवर नाव काढलेला अमेरिकन यूट्यूबर. मूळचा अल्टिमेट फ्रिस्बीचा (दोन संघांनी चकती एकमेकांना फेकून पकडायचा खेळ) खेळाडू, फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातून पुढे आलेला. २०२०च्या सुमारास गडी डिस्क गोल्फकडे वळला, डिस्क बनवणाऱ्या डिस्कक्राफ्ट कंपनीने करार दिला, त्याच्या नावाची डिस्क निघाली आणि तो प्रो गटात खेळायला लागला. तेव्हापासून 'हा खेळाडू की रीलवाला' हा वाद चालू आहे, आणि आता तो आमच्या जळगावच्या मित्रांच्या ग्रुपवरही पोचला. तिथे फक्त इमोजी पडतात, म्हणून इथे आणला.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: गोल्फच, पण काठी-चेंडू नाही. ठरलेल्या जागेवरून डिस्क म्हणजे फ्रिस्बीसारखीच चकती फेकायची, पडेल तिथून परत फेकायची, शेवटी साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. कमी फेकींत संपवेल तो पुढे. पहिलं कायमचं मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात झालं, पुढच्या वर्षी एड हेड्रिकने पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना काढली. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. (मरताना म्हणाला, माझी रक्षा डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळा. घरच्यांनी मिसळली. आता बोला.)

माझं मत असं की ब्रॉडीने मैदानात उतरण्याला हरकत घेणं चूक आहे. ट्रिक शॉटच्या व्हिडिओत हुकलेल्या सगळ्या फेकी कापून टाकता येतात आणि बसलेली एक दाखवता येते. डिस्क गोल्फमध्ये हुकलेलीच आधी मोजतात. ज्याचं पोट कापाकापीवर चालतं तो माणूस स्वतःहून तिथे गेला, हे मला तरी धाडसाचं वाटतं. हरकत घ्यायचीच तर करार देणाऱ्यावर घ्या, आणि तीही जपून.

नंदुरबारी मिरची

जपून कशाला? मी सरळ घेते.

दादा, 'प्रो' म्हणजे काय हे तुम्ही सांगितलंच नाही. पीडीजीएत पैसे भरून प्रो म्हणून नाव नोंदवता येतं. कुणी निवडून देत नाही, कुठली पात्रता फेरी आड येत नाही. मोठ्या टूरच्या अटी वेगळ्या, पण नुसतं 'प्रो' हे बिरुद स्वस्त आहे. आणि यूट्यूबरने ते लावलं की बाहेरच्या माणसाला तो थेट जगज्जेत्याच्या पंगतीला बसलेला दिसतो.

आता आपल्याकडची यात्रेतली दंगल घ्या. पंच दोन्ही गडी बघतात, ताकद बघतात, मग जोड लावतात. मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती कुणाची, हे आधीच्या कुस्त्यांवरून ठरतं. उद्या एखाद्या रीलस्टारला गर्दी येते म्हणून शेवटच्या कुस्तीत उभा केला, तर अर्ध्या गावाला चालेल, पण तालमीत रोज माती अंगाला लावणारं पोरगं काय म्हणेल? या खेळातले कितीतरी खेळाडू गाडीतच झोपतात, गाव बदलत स्पर्धा करतात, आणि करारात मिळतात फुकटच्या डिस्क. त्यांचा रोष खोटा नाही.

भुसावळ जंक्शन

मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळला अठरा टोपल्या खेळून दाखवा. मग कोण प्रो ते मी सांगतो.

सातपुडा_पायथा

मी पुण्यात शिकताना अल्टिमेट खेळलोय, म्हणून एक वेगळा मुद्दा. लोकांना वाटतं फ्रिस्बीवाला आहे, त्याला डिस्क गोल्फ सोपंच. तसं नाही भो.

अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅम, सुमारे २७ सेंटिमीटर रुंद, कडा बोथट. सरळ तरंगत जाते, पकडणाऱ्यासाठी थांबते. गोल्फची डिस्क साधारण २१ सेंटिमीटर, लांब पल्ल्याची असेल तर कड धारदार. ती जोरात सोडली नाही तर उडतच नाही, नुसती डावीकडे गळून पडते. उजव्या हाताने बॅकहँड मारली तर आधी किंचित उजवीकडे सरकते आणि वेग मेला की डावीकडे वळते. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटचं वळण. अल्टिमेटवाल्याचा हात त्या शेवटच्या वळणाला फसतो. मी पहिल्यांदा फेकली ती शेजारच्या झाडात गेली, ती अजून तिथेच असेल.

आणि टोपलीत घालणं तर वेगळंच काम. अल्टिमेटमध्ये समोर माणूस असतो, तो उडी मारतो, तुमची चूक पोटात घेतो. साखळी उडी मारत नाही. दहा मीटरच्या वर्तुळात तर पाय जागेवर ठेवून तोल सांभाळावा लागतो, फेकून पुढे गेलात की चूक. ब्रॉडीचा फोरहँड पहिल्यापासून तयार होता, मान्य. बाकी सगळं त्याला तिशी ओलांडल्यावर शिकावं लागलं. त्यात मजा आहे.

तापीकाठ

सातपुडा भाऊ, झकास लिहिलं.

मिरची ताई, दंगलीचा दाखला चांगला आहे, पण तुमच्याच विरुद्ध जातो. दंगलीत जोड पंच लावतो. इथे स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर गट साधारणपणे गुणांवरून लागतात. सहा फेकी जास्त झाल्या की यूट्यूबर असो की सरपंचाचा जावई, मागच्या गटात जातो. बक्षीसही साधारण वरच्या चाळीस-पन्नास टक्के खेळाडूंतच वाटलं जातं. खाली राहिला तर प्रवेश फी गेली. सबस्क्रायबर दाखवून एक फेक कमी करून मिळत नाही.

कराराचं म्हणाल तर त्याच डिस्कक्राफ्टने २०२१ मध्ये पॉल मॅकबेथला दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार दिला. तेव्हा तो पाच वेळा जगज्जेता होता, सहावं पद २०२२ ला मिळवलं. म्हणजे मोठा पैसा जिंकणाऱ्याकडेच गेला ना?

नंदुरबारी मिरची

मॅकबेथला कमी पडणारच नव्हतं. मी तिसाव्या-चाळिसाव्या नंबरच्या खेळाडूचं बोलतेय. कंपनीकडे शिखरासाठी एक पैसा आणि जाहिरातीसाठी दुसरा. मधल्याला काय?

आणि 'यूट्यूबर आला म्हणून प्रेक्षक आले' हे वाक्य कुणीतरी टाकायच्या आत सांगते. या खेळाची सगळ्यात गाजलेली फेक यूट्यूबरची नाही. २०२१ ची जागतिक स्पर्धा, ऑग्डेन, युटा. शेवटचं होल, म्हणजे शेवटची टोपली. जेम्स कॉनराड एका फेकीने मागे, टोपली ७५ मीटरवर. त्याने तिथून थेट साखळीत घातली, बरोबरी झाली, आणि जादा होलमध्ये त्याच मॅकबेथला हरवून जगज्जेता झाला. डिस्क गोल्फ म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांनीही ती क्लिप पाहिली. खेळ चांगला असला की प्रेक्षक येतो.

पीटी_मॅडम_धुळे

मिरची, ती क्लिप तू कुठे पाहिलीस? टीव्हीवर? दूरदर्शनवर तर नक्कीच नाही.

हा खेळ मोठ्या चॅनेलांनी कधी मनापासून दाखवला नाही. तो वाढला यूट्यूबवर, जोमेझप्रोसारख्या मंडळींनी फेऱ्या चित्रित करून, समालोचन लावून टाकल्या म्हणून. कॉनराडची फेक गावोगाव पोचली ती त्याच रस्त्याने. मग त्याच रस्त्यावरून एक माणूस उलटा चालत मैदानात आला तर त्याला परका कसं म्हणायचं?

दुसरं, काठी-चेंडूच्या गोल्फमधलं उदाहरण कुणाला आठवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. वेस्ली ब्रायन. भावाबरोबर ट्रिक शॉटचे व्हिडिओ करायचा. लोक असेच हसले. त्याने २०१६ मध्ये खालच्या टूरवर तीन स्पर्धा जिंकल्या आणि २०१७ मध्ये थेट पीजीए टूरची, म्हणजे गोल्फच्या वरच्या व्यावसायिक टूरची, आरबीसी हेरिटेज स्पर्धा. म्हणजे व्हिडिओ करणारा खोटाच असतो असा नियम नाही.

मी शाळेत पोरींना खो-खो शिकवते. त्यातली एक चांगली पळणारी पोर डान्सचे रील टाकते. घरचे म्हणतात, मोबाइल सोड मग खेळ. मी म्हणते, आधी खेळ बघा, मग मोबाइलचं बोला. रील दिसलं की आपण पोरींना आधी नापास करतो, स्टॉपवॉच नंतर बघतो.

नंदुरबारी मिरची

मॅडम, वेस्लीने जिंकून दाखवलं. ब्रॉडीच्या नावावर जगज्जेतेपद नाही, हे तर खरं ना?

पीटी_मॅडम_धुळे

खरं. पण मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाने जगज्जेताच व्हायचं असेल तर धुळ्याच्या क्रीडा संकुलाला उद्याच कुलूप लावावं लागेल.

शिवाय इथे मोजमाप उघडं आहे. पीडीजीएचं रेटिंग प्रत्येक फेरीवरून निघतं: त्या दिवशी त्याच मैदानावर बाकीच्यांनी किती फेकी घेतल्या त्याच्याशी ताडून. हजार म्हणजे पक्का खेळाडू. हा आकडा कुणालाही बघता येतो. कबड्डीच्या तालुका निवडीत एवढी पारदर्शकता मिळाली असती तर माझे केस काळे राहिले असते.

बामणोदचं_भरीत

सगळे शहाणे बोली ऱ्हायनात. माले एकच सांगा, हाई टोपलीमा वांगं टाकता येस का?

खानदेशी_बॉक्सर

मॅडमचं ऐकायला गोड लागतं, पण यूट्यूबर खेळात शिरल्यावर काय होतं ते बॉक्सिंगला विचारा. २०२४ च्या नोव्हेंबरात जेक पॉलने अठ्ठावन्न वर्षांच्या माइक टायसनशी लढत लावली. गुणांवर जिंकला. जगाने पाहिली. त्या रात्री बॉक्सिंग नव्हतं, जत्रा होती. त्याच जेक पॉलला पुढच्या वर्षी अँथनी जोशुआने झोपवलं तेव्हा बऱ्याच जुन्या बॉक्सरांना बरं वाटलं असेल, मी त्यातला एक. बॉक्सिंगमध्ये यूट्यूबर प्रतिस्पर्धी निवडतो, तारीख निवडतो, पैसे आधी ठरवतो. खेळ त्याच्या सोयीने वाकतो.

सातपुडा_पायथा

बॉक्सर भाऊ, तुमचाच मुद्दा उलटा करून बघा. डिस्क गोल्फमध्ये प्रतिस्पर्धी निवडता येत नाही. झाडं आहेत तिथे आहेत, वारा आहे तसा आहे. टायसनचं वय वाढतं, टोपलीचं वाढत नाही.

खानदेशी_बॉक्सर

हे मात्र मानलं. तरी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याबरोबर खेळणं बाकीच्यांना जड जात असणार. गटातल्या चौथ्या माणसाने काय करायचं, त्याच्या व्हिडिओत फुकट काम?

तापीकाठ

या प्रश्नावर काठी-चेंडूच्या गोल्फमध्येच घडलेलं आहे. २०२५ मध्ये ग्रँट हॉर्व्हट या यूट्यूबरला पीजीए टूरच्या बॅराकुडा चॅम्पियनशिपचं आमंत्रण मिळालं. स्पर्धेत चित्रीकरण करता येणार नव्हतं, म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला. नियम स्पष्ट होता, त्याने आपला धंदा स्पष्ट सांगितला, विषय संपला. कुणी कुणाच्या ताटातलं घेतलं नाही.

मिरची ताईंचा मधल्या खेळाडूचा मुद्दा मात्र माझ्या गळ्यात अडकला आहे. कंपनी म्हणेल, याच्या नावाची डिस्क विकते, म्हणून पैसे देतो, दान करत नाही. बरोबर. पण मग तिने त्याला 'आमचा विक्रेता' म्हणावं. 'आमच्या संघातला खेळाडू' म्हटलं की चाळिसाव्या नंबरवाला स्वतःचं रेटिंग त्याच्याशी ताडून बघणारच, आणि त्याला राग येणारच.

एमआयडीसी_वेल्डर

जळगाव एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. वादात पडत नाही. टोपली बघितली, एक उभा पाइप, वर कडं, दोन थर साखळ्या, खाली जाळीचं ताट. करायला अवघड नाही. पण डिस्क कुठून आणणार? आपल्याकडे चटया बनतात, पीव्हीसी पाइप बनतात, मग डिस्क का नाही?

सातपुडा_पायथा

दादा, चटई विणतात आणि पाइप ओढून काढतात. डिस्कला साचा लागतो, इंजेक्शन मोल्डिंग. कडेची जाडी आणि वजन जरा इकडेतिकडे झालं की उड्डाण बदलतं. पुन्हा अधिकृत स्पर्धेत वापरायची तर पीडीजीएची मान्यता हवी. हौशी खेळाला मात्र काय वाटेल ते चालेल. मेहरुण तलावाच्या बाजूला सकाळी सहाला जागा मिळाली तर तीन टोपल्या पुरेत. फक्त बोराच्या झाडाखाली नको, काटे डिस्कला नाही पण शोधणाऱ्याला लागतात.

नंदुरबारी मिरची

टोपल्या लावा, मी येते. अट एकच. उद्घाटनाला कुणी दोन लाख फॉलोअरवाला बोलावलात तर त्याने प्रवेश फी भरायची, आणि पहिल्या गटात उभं राहायचं नाही.

तापीकाठ

फीचं मान्य. पहिल्या गटाचं चिठ्ठी टाकून ठरवू.

नंदुरबारी मिरची

चिठ्ठी मी टाकणार.