व्हॅन डाइक पार्क्स : स्वतंत्र रचनाकार की दुसऱ्यांच्या गाण्यांचा सजावटकार?

आरोही : 'पार्क्स यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी सजवली, स्वतःचे असे काहीच मागे ठेवले नाही' हे काल इथे वाचलेले मत मला मुळीच मान्य नाही. लॉस एंजेलिसमधले बँड विजेच्या गिटारींच्या मागे लागले असताना, १९६७ मध्ये, चोवीस वर्षांच्या या तरुण अमेरिकी संगीतकाराने 'साँग सायकल' या आपल्या पहिल्या अल्बममध्ये तंतुवाद्ये, हार्प, अ‍ॅकॉर्डियन आणि बालालैका हे रशियन तंतुवाद्य यांच्या मेळातून त्या शहराचे रस्ते, चर्चमधली स्तोत्रे आणि जुने अमेरिकी संगीत एकत्र आणले. चाल एका दिशेने निघते, वाद्यमेळ तिला मध्येच वळवतो, आणि तरीही ती हरवत नाही. याला सजावट म्हणणाऱ्यांनी तो अल्बम कान देऊन ऐकलेलाच नाही.

मंद्र : ते मत माझे होते आणि मी ते मागे घेणार नाही. 'साँग सायकल'मधले पहिलेच गाणे, 'वाइन स्ट्रीट', गीतकार-गायक रँडी न्यूमन यांचे आहे. १९७२ च्या 'डिस्कव्हर अमेरिका' या अल्बमचा मोठा भाग कॅलिप्सोंचा, म्हणजे त्रिनिदादच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा आहे. मग स्वतःचे काय उरले? बीच बॉइज या बँडच्या 'स्माइल' अल्बमसाठी पार्क्स यांनी शब्द लिहिले; त्यातल्या 'कॅबिन एसेन्स' गाण्यातल्या कावळ्याच्या ओळीचा अर्थ बँडचे गायक माइक लव यांनी विचारला, तेव्हा तो पार्क्स यांनाही सांगता आला नाही. गाणाऱ्याला न कळणारी ओळ आम्ही डोक्यावर का घ्यावी?

ठेका : लव यांना कळली नाही म्हणून ओळ टाकाऊ ठरत नाही. १९६७ मध्ये 'स्माइल' गुंडाळला गेला, त्याचे खापर अजूनही पार्क्स यांच्या शब्दांवर फोडले जाते, हा अन्याय आहे. २००४ मध्ये त्याच बँडचे संगीतकार ब्रायन विल्सन यांनी तो पूर्ण केला, तेव्हा उरलेले शब्द लिहायला त्यांनी पार्क्स यांनाच बोलावले.

चौथी_तार : शब्दांवर एवढा वाद, पण वाद्यमेळ लिहिणाऱ्याची पर्वा कुणाला आहे? मी व्हायोलिन वाजवते. एका अल्बमसाठी मी रात्री जागून तंतुवाद्यांचे भाग लिहिले. तो प्रसिद्ध झाला तेव्हा माझे नाव कुठेच नव्हते, आणि लोक त्याच भागांचे कौतुक मला ऐकवत होते. गोव्याच्या सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सिनेसंगीताला वाद्यवृंदाची भाषा दिली, नाव मात्र संगीतकारांचे झाले. 'द जंगल बुक'मधले 'द बेअर नेसेसिटीज' सर्वांना पाठ आहे. त्याचा वाद्यमेळ पार्क्स यांचा, हे किती जणांना ठाऊक आहे?

मंद्र : तुमच्यावर अन्याय झाला, हे खरे, पण तो पार्क्स यांच्या खात्यावर जमा करू नका. पहिल्या अल्बमवर पस्तीस हजारांहून अधिक डॉलर बुडाल्याचे जाहिरातीत छापूनही वॉर्नर ब्रदर्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने त्यांचे पुढचे अल्बम काढले. डिसोझांना अशी संधी कुणी दिली? दोघांना एका रांगेत बसवणे हा डिसोझांचा अपमान आहे.

चौथी_तार : अपमानाची भाषा मला शिकवू नका. स्वतःच्याच कंपनीने ज्याचा तोटा चव्हाट्यावर मांडला, त्या कलावंताच्या वाट्याला भाग्य आले असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता?

आरोही : हार्पवादक गायिका जोआना न्यूसम यांचा २००६ चा 'ईस' हा अल्बम घ्या. हार्प आणि आवाज आधी मुद्रित झाले, पार्क्स यांनी वाद्यवृंद नंतर त्यांच्याभोवती लिहिला. त्यातले 'एमिली' हे गाणे बारा मिनिटांचे आहे, आणि त्यात तंतुवाद्ये एकदाही शब्दांच्या अंगावर येत नाहीत. हे रचनाकाराचेच काम आहे.

मंद्र : 'एमिली'पुरते मान्य करतो, तेही नाइलाजाने. पण त्याच अल्बममधले 'सॉडस्ट अँड डायमंड्स' केवळ हार्प आणि गळ्यावर उभे आहे, त्यात पार्क्स यांचा एकही स्वर नाही, आणि मला त्या पाच गाण्यांपैकी तेच सर्वांत श्रेष्ठ वाटते.