मणक्याच्या ऑपरेशननंतरही दुखतंय? तुमचं कसं चाललंय, सांगा

माझं कमरेच्या गादीचं ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झाली. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी थांबली. कंबर मात्र रोज दुखते. "ऑपरेशन झालं की, आता काय राहिलं?" हे घरात ऐकून ऐकून मी बोलणंच सोडलं होतं. शेवटी डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. दबलेली नस मोकळी करता येते, पण झिजलेली गादी नवी होत नाही. नसेभोवती व्रण धरतो. फार दिवस दबलेली नस सुटल्यावरही दुखत राहू शकते. एमआरआयमध्ये काही दिसलं नाही, तरी दुखणं खरंच असतं. सोलापुरात असे आणखी कितीजण असतील, म्हणून विचारतोय.

– पूर्व भागात मागावर आहे. बारा तास उभ्यानं काम. स्क्रू बसवून चौदा महिने झाले, अजून दुखायलंय. प्रेगाबालिन म्हणून नसांच्या दुखण्याची गोळी आहे, तिनं मुंग्या कमी झाल्या, पण डुलकी यायची, आणि चालत्या मागाजवळ ते चालत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घेतो. मनानं एकदम बंद करू नका. मी केली होती, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

– मी विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर जमिनीवर. आधी हजार व्हायच्या, ऑपरेशननंतर पाचशेवर आले. मजुरी हजारावर, तीही निम्मी.

– तरुणपणी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायचो. यंदा संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकताना नुसता उभा होतो, डोळे भरून आले. फिजिओथेरपीनं चालणं सुधारलंय. तळ्याकाठी पहाटे वीस मिनिटं चालतो. उन्हाळ्यात सातनंतर जमत नाही.

– एक कळकळीनं सांगते. वडिलांची लघवी अचानक अडली, बसायची जागा बधिर झाली. आम्ही नेहमीचंच दुखणं समजून रात्र काढली. असं झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

– विडीवाल्या ताई, खुर्चीवर बसून वळून बघितलं का?

– बघितलं. समोर स्टूल, त्यावर सूप. पहिले आठ दिवस हातच बसेना. आता सातशे होतात, मधे दोनदा उठते. सासूबाई आधी बोलायच्या, आता त्याच स्टूल मांडून ठेवतात.