मदत हवी आहे: बोल्टनचा कप्तान हॅरी गॉस्लिन आणि इटलीतली १/५ मराठा

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा रेजिमेंटच्या कागदपत्रांची माहिती असणारं कुणी इथे असेल, तर मदत हवी आहे. फुटबॉलप्रेमींनीही वाचा, कारण विषयाचा मूळ माणूस मैदानावरचा आहे.

मी कोल्हापूरची. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची स्मरणिका निघतेय आणि त्यात एका परदेशी खेळाडूवरचा लेख माझ्याकडे आलाय. मेस्सी-रोनाल्डोवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी हॅरी गॉस्लिन निवडला. नाव फारसं कुणाच्या कानावर नसेल म्हणून आधी तो कोण ते सांगते, मग प्रश्नाकडे येते.

गॉस्लिन हा बोल्टन वाँडरर्सचा कप्तान. बोल्टन म्हणजे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव, आपल्या इचलकरंजीसारखं. तो १९३० मध्ये तिथे आला, हाफबॅक म्हणून स्थिरावला आणि १९३६ पासून संघाचं नेतृत्व करू लागला. लीगमधले तीनशेहून जास्त सामने तो या एकाच क्लबकडून खेळला. युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडकडूनही खेळला, पण युद्धकाळातले सामने अधिकृत धरत नाहीत, त्यामुळे देशाकडून खेळल्याची रीतसर नोंद त्याच्या नावावर नाही.

८ एप्रिल १९३९ रोजी बोल्टनच्या बर्नडेन पार्क मैदानावर संडरलंडशी सामना होता. त्याआधी तीनेक आठवड्यांपूर्वीच हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी गॉस्लिन जमलेल्या प्रेक्षकांशी बोलला. संकट दाराशी आलंय, दुसरा कुणीतरी बघून घेईल म्हणून आपण गप्प बसायचं नाही, ज्याला जमेल त्यानं नाव द्यावं, असा त्याचा सूर होता. आणि लोकांना सांगून तो मोकळा झाला नाही. पाठोपाठ तो आणि संघातले बरेच सोबती टेरिटोरियल आर्मीच्या ५३ व्या फील्ड रेजिमेंटमध्ये, म्हणजे बोल्टनच्याच तोफखान्यात, दाखल झाले. तेव्हा युद्ध पुकारलं गेलं नव्हतं. सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाचा कायदासुद्धा मे महिन्यात आला. पेठेतला अख्खा संघ एकत्र वाढतो म्हणजे काय असतं हे आम्हा कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. ड्रेसिंग रूममधली पोरं तशीच्या तशी तोफांवर गेली, हे वाचल्यापासून मला हा माणूस सोडवत नाही.

१९४० मध्ये ही रेजिमेंट फ्रान्समध्ये होती, तिथून डंकर्कमार्गे परतली. गॉस्लिनला अधिकारीपद मिळालं. १९४२ मध्ये इजिप्त, मग इराक आणि १९४३ च्या सप्टेंबरमध्ये इटली. जिथे मुक्काम पडेल तिथे फुटबॉल सुरूच असायचा.

आता आपला संबंध. इटलीत उतरताना ५३ वी फील्ड रेजिमेंट आठव्या इंडियन डिव्हिजनच्या तोफखान्याचा भाग होती. त्याच डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे १/५ मराठा. बोल्टनच्या फुटबॉलपटूंच्या तोफा आणि आपल्याकडची पोरं एकाच डिव्हिजनमध्ये, एकाच चिखलात लढत होती. इंग्रजीत गॉस्लिनवर जे लिहिलेलं आहे त्यात इंडियन डिव्हिजन एका ओळीत आटोपते. आपल्याकडे मराठ्यांच्या पराक्रमाचं वर्णन येतं, पण त्यांच्या डोक्यावरून जाणारे गोळे कुणी डागले हे कुणी लिहीत नाही. मला या दोन गोष्टी एकत्र मांडायच्या आहेत.

तोफखान्याचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंचवीस-पाउंडर तोफेचा पल्ला बारा किलोमीटरच्या आसपास. गोळा टेकडीपलीकडे पडतो, तोफेवरच्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून तोफखान्याचा एक अधिकारी वायरलेस घेऊन पुढे, पायदळाबरोबर जातो. एखाद्या कड्यावर नाहीतर पडक्या घराच्या माळ्यावर बसून तो दुर्बिणीतून बघतो आणि मागे कळवतो: दोनशे यार्ड वाढवा, थोडं डावीकडे घ्या. शत्रू आधी त्यालाच शोधतो. गॉस्लिन अशाच निरीक्षण चौकीवर असताना मॉर्टरच्या स्फोटात जखमी झाला आणि १८ डिसेंबर १९४३ रोजी गेला. वय ३४.

ते दिवस सांग्रो आणि मोरो नद्यांच्या खोऱ्यातल्या लढाईचे. नोव्हेंबरच्या पावसानं सांग्रोला पूर आला होता, बांधलेले तात्पुरते पूल वाहून जात होते. पुढे मोरोवर तर काठावरच्या अवघड वळणामुळे अलीकडून पूल टाकताच येईना. तेव्हा आठव्या डिव्हिजनच्या सॅपर्सनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या सैनिकांनी, सामान पलीकडे, शत्रूच्या बाजूला नेलं आणि तिथून उलटा अलीकडे पूल बांधत आणला. त्याला ‘इम्पॉसिबल ब्रिज’ असंच नाव पडलं. (यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायलाच हवा.)

गॉस्लिनची कबर सांग्रो रिव्हर वॉर सेमेटरीमध्ये आहे. त्याच आवारात एक दहन-स्मारक आहे. ज्यांचे अंत्यसंस्कार धर्माप्रमाणे अग्नी देऊन झाले अशा पाचशेहून जास्त भारतीय सैनिकांची नावं त्यावर आहेत.

आता नेमकी मदत काय हवी ते सांगते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डिसेंबर १९४३ मध्ये ५३ व्या रेजिमेंटची कुठली बॅटरी (तोफांची तुकडी) कुठल्या ब्रिगेडला दिली होती? गॉस्लिनची चौकी मराठ्यांच्या कंपनीबरोबर होती, की पंजाबी, गुरखा किंवा गोऱ्या पलटणीबरोबर? हे युद्ध-दैनंदिनीतूनच कळेल. ब्रिटिश रेजिमेंटच्या दैनंदिन्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असतात. तिथे राहणाऱ्या कुणाला एखादा दिवस काढून १ ते २० डिसेंबरची पानं बघता येतील का? फोटोचा, प्रवासाचा खर्च मी देईन. १/५ मराठाच्या त्याच महिन्याच्या नोंदी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये किंवा दिल्लीला अभिलेखागारात बघायच्या तर सामान्य नागरिकानं अर्ज कसा आणि कुणाच्या नावे करायचा? कुणी केला असेल तर नमुना द्या.

आणि ज्यांच्या घरात कुणी १/५ मध्ये होतं त्यांना विनंती. कोल्हापूर, सातारा, कोकण, बेळगाव, कुठलेही असा. ट्रंकेत पत्रं, डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारी नोकरीची नोंदवही), गटाचा फोटो असेल तर एकदा बघा. गोऱ्या तोफखानेवाल्यांशी फुटबॉलचा सामना झाल्याची आठवण आजोबांनी सांगितली असेल, तर ती माझ्यासाठी फार मोलाची आहे.

भर: प्रतिसादात विचारलंय, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेल्या यशवंत घाडगेंवर का लिहीत नाही? त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे, पण ते ३/५ मराठाचे, दहाव्या इंडियन डिव्हिजनमधले, आणि जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. १/५ चे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते म्हणजे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून मागे आणलं आणि मशीनगनची ठाणी बंद पाडली. लेखात त्यांच्यावर वेगळी चौकट देतेय.

डिस्चार्ज बुकाबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांना: पूर्ण पुस्तक नको, इटलीतल्या नोंदींच्या पानाचा फोटो पुरे. नाव आणि सैनिक क्रमांक झाकून व्यक्तिगत निरोपातून पाठवा. मजकूर छापण्याआधी तुम्हाला दाखवीन.